चष्म्याच्या घरातला कापूस

कमलाकररावांचे हात कधी रिकामे राहत नसत. सत्तावीस वर्षं कापूस खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर म्हणून काढलेली. रिटायर होऊन वर्ष झालं, तरी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत असायचेच. बसमध्ये शेजारच्याच्या सदऱ्याला चिकटलेला कापूस ते न विचारता उचलत आणि ताणून पाहत. एकदा तर पाहुण्यांच्या उशीचीच शिवण उसवली. ती परत शिवून देताना त्यांची बायको सुचित्राताई म्हणाल्या होत्या, "यांच्यापासून देवाच्या वातीबी लपवून ठेवाव्या लागतात."

मुलगा अभिषेक इजिप्तमध्ये नोकरीला होता. दोन हजार सालानंतरची ती वर्षं, यवतमाळकडे कापसाचा विषय निघाला की माणसं आवाज खाली घेत. बाबांचा जीव तिथं रमत नाही म्हणून त्यानं दोघांना बोलावून घेतलं आणि भूमध्य समुद्रावर, अलेक्झांड्रियाला फिरायला नेलं.

सुचित्राताईंनी समुद्राला हात जोडले, ओंजळभर पाणी घेऊन अर्घ्य दिलं. वळून पाहतात तर कमलाकरराव दगडी कठड्यावर रस्त्याकडे तोंड करून बसलेले.

"अहो, समुद्र मागं आहे."

"पाहिला."

"कवा?"

"आलो तेव्हा."

त्यांचा हात शर्टाच्या खिशावर गेला. तिथं चष्म्याचं घर होतं. चष्मा मात्र नाकावर होता.  त्या घरात काय आहे ते सुचित्राताईंना दोन वर्षांपासून ठाऊक होतं. सरकीसकट कापसाचा एक पुंजका.

तो विठ्ठलरावांच्या बैलबंडीतला. विठ्ठलराव कळंबजवळच्या गावचे. दर संकष्टी चतुर्थीला चिंतामणीच्या देवळात या दोघांची भेट ठरलेली, प्रसादाचा नारळसुद्धा अर्धा अर्धा. दोन वर्षांपूर्वीच्या पौषात केंद्रावर बंड्यांची रांग पार सडकेपर्यंत गेली होती, मागून आरडाओरड चालली होती. कमलाकररावांनी विठ्ठलरावांच्या बंडीतून चिमूट उचलली, सरकीवरचा धागा ताणला आणि शेरा दिला, "आखूड. खालच्या प्रतीत."

"साहेब, एकडाव अजून पाहा. माह्या वावरात आखूड कापूस कधी निंगला नाही."

"माझा हात चुकत नाही, विठ्ठलराव."

रांगेतलं कुणीतरी हसलं. म्हणालं, "बाप्पा, देवळातली दोस्ती केंद्रावर चालत नाही." विठ्ठलरावांनी बैल वळवले आणि भरली बंडी परत नेली. त्यानंतर चतुर्थीला ते देवळात यायचे, पण दुसऱ्या दारानं. कमलाकररावांच्या चिमटीत राहिलेला पुंजका खिशात आला आणि तिथेच राहिला.

"मंग घरीच पाहा ना एकदा ताणून," सुचित्राताई म्हणाल्या होत्या.

"माझाच हात, माझाच न्याय. काय कामाचं?"

अलेक्झांड्रियातल्या दुसऱ्या दिवशी अभिषेक त्यांना जुना किल्ला दाखवायला निघाला. गल्लीतून जाताना कमलाकरराव एकदम थांबले. कुठूनतरी आवाज येत होता. टंग, टंग, टंग.

"पिंजारी," ते म्हणाले, आणि किल्ला सोडून आवाजाच्या मागं चालू लागले.

"बाबा, किल्ला पाच वाजता बंद होतो."

"होऊ दे."

एका दारासमोर पायघोळ काळा झगा घातलेला म्हातारा तात वाजवत गादीचा कापूस पिंजत होता. भिवयांवर सगळा कापूस. आपल्याकडच्या पिंजाऱ्यासारखाच तोही कुणी समोर उभं राहिलं तरी मान वर करत नव्हता. कमलाकररावांनी चष्म्याचं घर उघडलं आणि पुंजका त्याच्यापुढं धरला. तेव्हा कुठं म्हाताऱ्यानं पाहिलं. आधी पुंजक्याकडं, मग कमलाकररावांच्या अंगठ्याकडं. ओळख पटल्यासारखा हसला.

"त्याला विचार, धागा केवढा आहे," कमलाकरराव अभिषेकला म्हणाले.  सुचित्राताईंनी मनात चिंतामणीचं नाव घेतलं. काय मागावं ते मात्र त्यांना सुचेना. नवऱ्याचा हात खरा ठरावा म्हणावं, तर विठ्ठलराव खोटे पडत होते.

म्हाताऱ्यानं घाई केली नाही. एक सरकी घेतली, तिच्यावरचा कापूस बोटांनी विंचरला. लहान मुलीच्या केसांतली गुंत काढावी तसा हळूहळू सोडवला, आणि धागे काढून गुडघ्यावर, काळ्या कापडावर पसरले. चांगले लांब होते. मग कमलाकररावांना खुणेनं म्हणाला, तू कर. याचा अर्थ अभिषेकला सांगावा लागला नाही.

कमलाकररावांनी दुसरी सरकी घेतली आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीनं झटका दिला. धागे मधेच तुटले. झग्यावर ठेवले तर निम्म्याच लांबीचे भरले.

म्हातारा काहीतरी बोलला. अभिषेक चाचरत म्हणाला, "बाबा, तो म्हणतो, कापूस चांगला आहे. तुम्ही तोडता आहात."

कमलाकरराव तिथंच दाराच्या पायरीवर बसले. "रांग मोठी होती," ते म्हणाले. थोड्या वेळानं परत तेच म्हणाले. मग, "किती जणांचा तोडला असेल गं?"

सुचित्राताई त्यांच्याशेजारी बसल्या. त्या म्हणाल्या, "सगळ्यांचं कसं सांगू? एकाचं तर कळलं ना? अभि, फोन दे बाबांना."

मोबाइल विठ्ठलरावांच्या सुनेनं उचलला, मग ते स्वतः आले. कमलाकररावांनी नाव सांगितलं. 

"विठ्ठलराव, तुमचा कापूस लांब होता. माझा हात चुकला. घाईत मीच तोडला."



"कुठून बोलून राह्यले?"

"समुद्रावरून. परदेशातून."

"हे सांगायले तिकडं गेलते काय? कळंब तं जवळ होतं."

कमलाकररावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"असं करा," विठ्ठलराव म्हणाले, "मले फोनवर सांगून काय फायदा? मले तं तवाच मालूम होतं. चवथीले या देवळात. त्या रांगेतले पाचसहा जण असतातच. त्यांच्या म्होरं सांगा." आणि फोन ठेवला.

कमलाकरराव उठून गल्लीत येरझाऱ्या घालू लागले. पुंजक्यातल्या उरलेल्या सरक्या त्यांनी परत चष्म्याच्या घरात ठेवल्या, घर खिशात ठेवलं, बाहेर काढलं, पुन्हा ठेवलं. चारचौघांत कबूल करायचं म्हणजे काय, ते सुचित्राताई जाणून होत्या. या माणसानं आजवर भाजीत मीठ जास्त पडलं हेसुद्धा पाहुण्यांसमोर बोलू दिलं नव्हतं.

त्यांनी पिशवीतून पोथीत घडी करून ठेवलेलं कॅलेंडरचं पान काढलं. चतुर्थी येत्या शुक्रवारी होती. परतीचं विमान त्यानंतरच्या रविवारी.

"पुढच्या चतुर्थीला जाऊ," कमलाकरराव पानाकडं न पाहता म्हणाले. "महिन्याचा तर प्रश्न आहे."

"महिनाभरात तुम्ही माह्या सगळ्या उशा उसवान," सुचित्राताई म्हणाल्या, आणि अभिषेककडं वळल्या. "तिकीट बदलून मिळते काय रे?"

"आई, अजून काहीच पाहिलं नाही आपण. किल्ला राहिला. समुद्रसुद्धा बाबांनी नीट पाहिला नाही."

"पाहिला म्हणते ते," त्या म्हणाल्या. "विचार तू, मिळते काय ते."

कमलाकरराव पुढं निघून गेले होते, समुद्राच्या उलट्या दिशेला. अंगठा बोटावर घासत होता, पण आता हळू.