अर्धा टोस्ट

परवा फिल्म सोसायटीत एका ब्रिटिश दिग्दर्शिकेचा पहिलाच, छोटासा सिनेमा पाहिला. शेवटी अठरा वर्षांची मुलगी घर सोडून शिकायला निघते. बस जाते, पण कॅमेरा तिच्याबरोबर जात नाही. तो स्वयंपाकघरातच रेंगाळतो. मुलीनं अर्धवट टाकलेला टोस्ट आई उभ्यानंच खाते, अगदी सावकाश.

“उगाच लांबवलंय. पहिलाच सिनेमा ना,” शेजारची मैत्रीण पुटपुटली.

मला वाटलं, ते अजून लांबायला हवं होतं. कॉलेजसाठी साताऱ्याहून निघाले तेव्हा एसटी चुकेल म्हणून मीही बशीत पोहे तसेच टाकले होते. कोपऱ्यावरून हात हलवला आणि वळले. मागे घरात काय झालं, ते कधी विचारलंच नाही. आता विचारावं तर आई नाही. आणि आमच्या स्वयंपाकघरात कुणाचा कॅमेरा रेंगाळला नव्हता.