पंखा नसलेलं खोकं

मलकापूरच्या भंगारवाल्या चाचांकडून मी एक थिन क्लायंट उचलला. जाड पुस्तकाएवढं काळं खोकं, म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच, कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातलं. चाचा त्याला डिश टीव्हीचा डबा समजत होते. मी त्यांचा समज मोडला नाही. गावी वडनेरला आणून त्यात छोटी डिस्क घातली, लिनक्स चढवलं आणि घरचे फोटो, भजनं सगळं त्यात भरलं. ना पडदा, ना कीबोर्ड, ना पंख्याचा आवाज. ओसरीच्या कोनाड्यात हिरवा दिवा लावून ते चालू राहायचं.

त्या वर्षी अर्ध्या गावानं चोर बीटी लावली होती. तणनाशक मारलं तरी न मरणारी, पण परवानगी नसलेली कपाशी. निंदणाला बाया मिळत नव्हत्या, आदल्या हंगामात बोंडअळीनं धुऊन नेलेलं. शेजारी माझा बरोबरीचा चुलतभाऊ, त्याचीही तीच कपाशी. कृषी खात्याचं पथक पान कुटून त्यात कागदाची पट्टी बुडवायचं. रेघ उमटली की पीक उपटायची भाषा. आणि माझं खोकं सुरू झालं, त्याच आठवड्यात पथक शेजारच्या गावात उतरलं.

माझ्या ओसरीवरच्या गप्पा आटल्या. लोक यायचे, पण कोनाड्याकडे बघत नुसतं हवापाण्याचं बोलायचे. शेवटी चुलतभावानं विचारलंच की हे दिवसरात्र जागून करतं काय. मी खुशीत व्याख्यान झोडलं. म्हटलं, याच्या जातीला स्वतःचं डोकं नसतं. इथलं सगळं दूरच्या मोठ्या मशीनला कळवायचं, एवढ्यासाठीच ही जात बनवलेली. मी याला डोकं बसवलं, हे सांगेपर्यंत त्याचा चेहरा उतरला होता.

"म्हंजे खबऱ्या," तो म्हणाला.

मी पेचकस आणला, जादूगारासारख्या बाह्या सारल्या आणि सगळ्यांसमोर झाकण उघडलं. आत एक हिरवी पाटी, बोटाएवढी डिस्क, बाकी हवा. माना वाकल्या.

"इतलं रिकामं? मंग खरं सामान कुठी लपवलं बे?" चुलतभाऊ म्हणाला.

शेवटी मीच त्याला म्हटलं, तुझ्याच घरी ठेव, तुझ्या नजरेसमोर राहील. मधल्या भिंतीवरून नेटवर्कची वायर टाकली आणि खोकं त्याच्या ओसरीवर गेलं. तेव्हापासून तो शेताचं बोलायला बायकोला आतल्या खोलीत न्यायचा. लोक आता त्याच्याकडे गप्प बसू लागले आणि माझी ओसरी पुन्हा भरली. मला भारी मजा वाटली.

मग पथक खरंच आलं. साहेब त्याच्याच ओसरीवर टेकले. पट्ट्यांची पिशवी चहाच्या कपाशेजारी, आणि त्या पिशवीत त्याचं वर्ष. मी भिंतीला चिकटून ऐकत होतो. साहेबांनी विचारलं, हा दिवा कसला? घाबरलेल्या माणसानं त्याला ठाऊक होतं ते सांगून टाकलं.

"भावानं ठुलं साहेब. ते सगळं ऐकते अन् वरती कळवते म्हणते."

कप बशीत टेकल्याचा आवाज आला. मग साहेब खोक्याकडे तोंड करून रेडिओसारख्या स्वच्छ आवाजात बोलू लागले. बोंडअळीचे कामगंध सापळे, माती परीक्षण, शासनाच्या योजना. पट्टीचं नाव नाही. तेवढं बोलून जीपमध्ये बसले. त्या दिवशी ते मुळात काय बोलायला आले होते, मला आजही कळलेलं नाही.

कपाशी वाचली. वेचणी उरकत आल्यावर मी खोकं परत मागायला गेलो. तो तेव्हा तीच झाडं पाणी देऊन उन्हाळ्यापर्यंत चालवायच्या तयारीत होता, बोंडअळी पोसली जाते म्हणून कृषी खात्यानं मना केलेलं. खोक्यासमोर आडवा उभा राहिला आणि डोळे बारीक करून मला न्याहाळू लागला.

"आताच काऊन पाहिजे बे तुले? न्यायले कोनं सांगतलं?"