खर्जाचा आवाज

गिरगावातली खोली सोडून आम्ही वाशीला आलो, ते माझ्या आवाजापासून पळून. आम्ही म्हणजे मी, आई आणि माझी चार वर्षांची मुलगी. सत्तरच्या दशकात फोर्टातल्या एका हॉटेलात मी सहा वर्षं गायले. डोक्यावर कुरळा टोप, नाव परकं, गाणी हिंदी-इंग्रजी. चाळीत हे कळलं तेव्हा कुणी भांडलं नाही. फक्त माझ्या मुलीशी खेळायला पोरी येईनाशा झाल्या. ती दारात भातुकली मांडून एकटीच बसायची.

वाशीला आल्यावर नाटकात शिरले, मग सिनेमात. वहिनी, मोठी बहीण, सोशिक आई. एका चित्रपटात पाळण्याशी बसून अंगाई म्हटली, म्हणजे ओठ हलवले. आवाज दुसऱ्या बाईचा. "तुमच्या आवाजाला हॉटेलचा वास येतो," असं संगीतकाराने तोंडावर सांगितलं होतं. मला संताप आला, पण भूमिका हवी होती.

वाशीत नटी म्हणून मान होता. हॉटेलातली वर्षं आईने पुसून टाकली होती. "आधी ती टेलिफोन ऑपरेटर होती," हे ती मार्केटातल्या कांदेवाल्यालाही, त्याने विचारलेलं नसताना सांगायची. मला एकच ताकीद होती: इथे गायचं नाही. बाथरूममध्येसुद्धा नाही, भिंती पापडासारख्या आहेत.

मी चार वर्षं पाळलं. मग एका सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना गुणगुणले, आणि खाली सोसायटीचे सेक्रेटरी वर बघत उभे राहिले. गणपतीच्या कार्यक्रमाचं ठरवायला संध्याकाळी ते घरीच आले.

"मॅडम, तुमचा आवाज मी ऐकलाय कुठेतरी. आमचं ऑफिस फोर्टात होतं ना, तिथे एका हॉटेलात एक बाई गायची. सेम असाच खर्ज. यंदा तुमी ती सिनेमातली अंगाई म्हणाच, मग माझं नक्की होईल."

आईने हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. नाही म्हटलं तर संशय वाढणार होता. गायले तर खात्रीच पटणार होती. मुलीला इथे चार मैत्रिणी मिळाल्या होत्या. जिन्यात त्यांचा धुडगूस चालायचा, शेजारी कटकट करायचे, आणि मला तो ऐकून रोज बरं वाटायचं.

मी हो म्हटलं.

कार्यक्रम दुपारी होता. मुलगी मैत्रिणींना घेऊन अगदी पुढे बसली होती, 'माझी आई गाणार' म्हणून मिरवत. पेटीवाल्याने सूर दिला. माझा सूर खाली होता, पायाखालच्या फरशीइतका पक्का. तो मी सोडला. वरच्या पट्टीत उचललं, दुसऱ्या ओळीला आवाज फाटू दिला, समेला चुकले. बेसूर गाण्यात काय कठीण, असं कुणी म्हणेल. तयार गळ्याने एकदा करून बघावं. चुकीचा प्रत्येक सूर मला आधीच ऐकू येत होता आणि तरी तोच लावावा लागत होता. मागच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

सेक्रेटरी आईजवळ गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोकळेपणाने म्हणाले, "सॉरी हां मावशी, माझीच मिस्टेक. ती बाई वेगळी. ती गायची हो! सगळं हॉटेल गप्प व्हायचं."

सहा वर्षांत हे मला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. मी हसले. आई तर इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले.

जिना चढताना मुलगी माझा हात न धरता पुढे चालली होती. मैत्रिणींसमोर तिची मान खाली गेली होती. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली.

"आई, ती कोण गं, जिचं गाणं ऐकून सगळे गप्प व्हायचे?"

"मला काय माहीत," मी म्हटलं, आणि दाराचं कुलूप उघडलं.