झाडाच्या पोटातले खिळे

आमच्या ह्यांचं करवतीचं मशीन चाकांवरचं आहे. जीपमागे जोडायचं, लोकांच्या अंगणात न्यायचं आणि त्यांच्याच झाडाच्या फळ्या पाडून द्यायच्या, हा यांचा धंदा. पण अंगणातल्या झाडात खिळे असतात. कुणी कपड्यांच्या दोरीसाठी ठोकलेला, कुणी दिवा टांगायला. झाड वाढतं, खिळा पोटात घेतं आणि बाहेरून काही दिसत नाही. विचारलं तर सगळे छातीठोकपणे सांगतात, आमच्या झाडात खिळा नाही. मग कर्रकन आवाज होतो, पात्याचे दात उडतात आणि हे झाडाच्या मालकाला फैलावर घेतात. घरी आले की तेच पुराण माझ्यापुढे. जेवताना खिळे, झोपताना खिळे. माझे कान किटलेत.

परवा आमच्याच दारातलं वाळलेलं झाड पाडलं. ओंडका मशीनवर चढवताना मी म्हटलं, "एकदा खिळे बघून घ्या की."

"आपल्या झाडात कोण मरायला खिळे ठोकणार?" हे खेकसले.

दुसऱ्याच फळीला पातं किंचाळलं. आत गंजलेले खिळे होते, एकाखाली एक. मशीन नवीन घेतलं तेव्हा यांनीच त्या झाडावर पाटी ठोकली होती, 'फळ्या पाडून मिळतील'. पाटी कधीच वाऱ्याने उडून गेली.

हे नवं पातं चढवायला बसले. मी दारात उभी राहून बराच वेळ वाट पाहिली. शेवटी मीच विचारलं, "आज मालकाला फैलावर नाही का घ्यायचं?"