दिवे लागायच्या आत

आईचं दही कधी तिचं स्वतःचं नसायचं. ताक करताना विरजणापुरतं दही मागे ठेवायला काय लागतं? पण ती मुद्दाम सगळं घुसळून टाकायची आणि संध्याकाळी शेजारच्या चाचीला 'भाभी' म्हणून हाक मारायची. आमच्या दोन घरांत मातीची एकच भिंत होती आणि तिच्यात वाटी जाईल एवढं भोक. त्यातून आधी विरजण यायचं, मग तासभर गप्पा. विरजण नुसतं निमित्त आहे, हे दोघींनाही ठाऊक होतं.

फक्त ते दिवे लागायच्या आत यायला हवं. तिन्हीसांजेनंतर दही दिलं तर देणाऱ्याच्या घरची लक्ष्मी जाते, असं आई मानायची. चाची हसायची, "आमच्या घरी लक्ष्मी होती कधी, बाई?" पण आईच्या समाधानासाठी तीही वेळ पाळायची.

मग नदीवर धरण झालं आणि गाव उठलं. नव्या गावठाणाची आखणी करायला साहेब आले, तेव्हा कोणी रस्त्यालगतची जागा मागत होतं, कोणी कोपऱ्याची. आई म्हणाली, "मले घर कुठीबी द्या साहेब. फक्त माही अन् भाभीची भिंत एक ठेवा."

साहेब हसले. त्यांचं पाहून बाकीचेही हसले. चिठ्ठ्या निघाल्या, तर आम्ही एका टोकाला आणि चाची दुसऱ्या. मधे रुंद डांबरी रस्ता, शाळा, पाण्याची टाकी, सगळं एका रेषेत. नकाशात ते गाव फार देखणं दिसतं. मला त्या नकाशाचा अजून राग येतो.

चाचीचे गुडघे कामातून गेले होते. तरी ती वाटी ओढणीखाली झाकून निघायची. पहिल्या दिवशी पोचेपर्यंत अंधार पडला. तिला दारात पाहून आईने चटकन घरातला दिवा बंद केला.

"ये भाभी. आमच्या घरी अजून दिवे लागले नाई."

"अन् तो खांबावरचा?" चाचीने बाहेर बोट दाखवलं. नव्या गावात खांबांवरचे दिवे आपोआप लागायचे.

"तो सरकारचा. त्याले कोन मोजते?"

दोघी अंधारातच हसत बसल्या. तेव्हापासून आमचं घर गल्लीत सगळ्यात उशिरा उजळायचं. "लाईन गेली का वो?" असं कोणी विचारलं, की आई खुशाल हो म्हणायची.

गेल्या पावसाळ्यात चाची गेली. आई तिच्या घरी जाऊन आली आणि दारातच बसून राहिली. मी वरवट बकालहून दह्याची पिशवी आणली होती, तिच्याकडे तिने पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी अंगणात अजून ऊन होतं, तोच तिने मला हाक मारली.

"दिवा लाव."

"आत्ता? उजेड हाये ना अजून."

"लाव," आई म्हणाली. "आता कोनाची वाट पाहाची हाये?"

मी दिवा लावला. उन्हात तो लागलेला कळतही नव्हता. चुलीजवळ दूध केव्हाचं कोमट होऊन बसलं होतं.