पोतंभर वांगी

लेक सहा महिन्यांची झाली आणि माझी रजा संपत आली. कंपनी आणखी सहा महिने बिनपगारी रजा द्यायला तयार होती, पण नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात घर चालणार कसं? शेवटी ठरवलं, हा एक महिना तसा काढून बघायचा. निघाला, तर मी लेकीजवळ. नाहीतर पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून ती पाळणाघरात आणि मी कंपनीच्या बसमध्ये.

मग काय, काटकसर अंगातच आली. घरपोच जेवण देणारी अ‍ॅप मोबाइलवरून उडवली. नवरा कारखान्यात सायकलने जायला लागला. माझं माहेर विश्रांतवाडीचं. आई डबे घेऊन यायला टपलेली. पण मी तिलाही बजावलं, काही आणायचं नाही. आईच्या जिवावर महिना काढला, तर तो काढला कसला?

तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याने घोळ घातला. हा विदर्भातला गडी. हडपसरच्या मंडईत संध्याकाळी भरताची वांगी मातीमोल भावात दिसली आणि भाजीसाठी उरलेले सगळे पैसे देऊन हा अख्खं पोतं खांद्यावर घेऊन तीन जिने चढून आला.

"लयच सस्ते भेटले ना!"

"अरे, आपण तीन माणसं. त्यातल्या एकीला दात नाहीत."

माझं डोकंच फिरलं. एवढी वांगी भाजायची तर सिलिंडरही संपणार. लेकीकडे बघितलं आणि डोळ्यांसमोर पाळणाघर आलं.

"भरीत एकट्या घरचं नसतेच," तो म्हणाला. "आमच्या इकडे सारी गल्ली जेवते."

रविवारी सकाळी त्याने गच्चीवर फळांची मोडकी खोकी पेटवली. धूर बघून पहिल्या मजल्यावरच्या काकू वर आल्या.

"आग लागली असेल तर आत्ताच सांगा. माझे कपडे वाळताहेत."

पण दोरीवरचे कपडे काढून झाल्यावर काकू स्वतःच आमच्या सतरंजीवर बसून वांगी सोलायला लागल्या. कांद्याची पात, मिरचीचा ठेचा, वर फोडणी. घरातल्या झाडून सगळ्या वाट्या आणि डबे भरून आम्ही बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरी भरीत पोचवलं. कपाट रिकामं झालं.

सोमवारपासून भांडी परत यायला लागली. एका वाटीत आमटी, एकीत मटकीची उसळ, एका डब्यात अर्धा डबा तूरडाळ. काकूंनी तर लेकीसाठी नाचणीचं सत्त्व आणलं. माझा ताठा आडवा आला. "काकू, हे कशाला?"

"रिकामं भांडं परत करायची पद्धत नाही आमच्याकडे. उपकार करायला मला वेळ नाही."

मी डबा घेतला. आठवडाभर घरात भाजी आणावी लागली नाही. नवरा रोज जेवताना माझ्याकडे बघून नुसता मिशीत हसायचा आणि मला त्याचा राग येता येत नव्हता.

महिना निघाला. अगदी काठावर, पण निघाला. लेकीला मांडीवर घेऊन मी रजा वाढवायचा मेल पाठवला.

सोमवारी सकाळी कंपनीची बस गेटवर थांबली आणि मला न घेता गेली. मी खिडकीतून बघत होते. मागे लेक उठली, मला बघून खुदकन हसली, आणि मला आनंदाने रडूच फुटलं.