लग्नाला न आलेले दोघे

दिवाळीच्या साफसफाईत जुना टीव्ही भंगारात द्यायला उचलला, तर मागच्या जाळीतून परळीच्या थर्मल वीजकेंद्राच्या राखेचा वास आला.

आम्ही परळीत राहायचो, तेव्हा घरी केबल नुकतीच आली होती. एका रविवारी दुपारी जुना काळापांढरा इंग्रजी सिनेमा लागला. भाषा कुणालाच कळेना. मधेच कोट घातलेले दोन काळे नर्तक आले आणि नाल ठोकलेल्या बुटांनी लाकडी फळ्यांवर असा ठेका धरला, की शेंगा फोडणारा आईचा हात थांबला.

"लई गोड नाचतेत गं," ती म्हणाली.

नाच संपला, दोघे गेले आणि गोऱ्यांची गोष्ट पुढे सुरू झाली. आई शेवटपर्यंत त्यांची वाट पाहत बसली.

अण्णांना, म्हणजे वडिलांना, संशय आला. केबलवाला बालाजी सिनेमा मधेच तोडून साडीच्या दुकानाची जाहिरात घुसवायचा. त्यांनी त्याला दारातच गाठलं.

"ते दोघं कापले का बे?"

"आईची आन, अण्णा! कॅसेट हाय तशी लावली."

"मग शेवटी हिरोच्या लग्नाला कावून आले न्हाईत?"

अण्णांनी पकड आणून वायरच तोडली.

पुढे माझ्या वाचनात आलं, की तिकडे अमेरिकेत काळ्यांचा नाच बऱ्याचदा मुद्दाम गोष्टीबाहेर ठेवत. मग पडद्यावर काळे नको असलेल्या गावांत तेवढाच तुकडा कापून सिनेमा दाखवता यायचा. अण्णांचा संशय खरा होता. बालाजीने मात्र काहीच कापलं नव्हतं.

आई त्यानंतर फरशीवर बसलेली थर्मलची राख झाडताना मधेच थांबायची आणि टाचेने ठेका धरून पाहायची.